पेळूचे मागचे दात

आमच्या घरात पहाट व्हायची ती पिंजणीच्या आवाजाने. अब्बा पडवीत बसून कापूस पिंजायचे. छताला टांगलेली ती माणसाएवढी लाकडी धनुकली, तिची आतड्याची ताणलेली तात आणि त्या तातेवर अब्बांच्या हातातल्या लाकडी मुठीचा ठोका. तंय्, तंय्, मग एक लांब घुमारा, पुन्हा तंय्. पारनेरात आमच्या गल्लीतल्या पोरांना शाळेला उठवायला वेगळं घड्याळ लागत नसे. मी डोळे न उघडता पडून राहायची आणि आवाजावरून ओळखायची, आज जुन्या गादीचा दबलेला कापूस आहे की नवा. जुना कापूस कुरकुर करतो, नवा हसतो, असं अब्बा म्हणायचे. डोळे उघडले की उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगत असायचे, इतके सावकाश की ते वर चालले आहेत की खाली हे ठरवता ठरवता माझा पुन्हा डोळा लागायचा. आज माझ्या फ्लॅटमध्ये फोमची गादी आहे. झोप बरी लागते, पण जाग यायला काही कारणच उरलेलं नाही.

घरात चार माणसं. अब्बा, अम्मी, अब्बांची थोरली बहीण म्हणजे माझी फुप्पी, आणि मी. फुप्पी फार लवकर विधवा होऊन भावाकडे आली होती आणि घरातल्या श्रद्धा, औषधं आणि शिव्या हे तिचं खातं होतं. अम्मीकडे चूल आणि शेळी. अम्मी बोलायची कमी. सगळ्यांचं जेवण झाल्यावर भाकरीचा तुकडा तव्यातल्या उरल्यासुरल्या ठेच्यावर फिरवून ती उभ्या उभ्या खायची. तिला काय आवडतं हे मला खूप वर्षं ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

सुगी झाली की अब्बा सायकलला पिंजण, म्हणजे तीच धनुकली, बांधून खेडोपाडी गाद्या भरायला जात. एका बाजरीच्या काढणीत ते संध्याकाळी परत आले आणि पिशवीतून त्यांनी कापसाचा एक गोळा काढून माझ्या ओंजळीत ठेवला. गोळा गरम होता. आत मातकट रंगाचं, मुठीत मावेल एवढं सशाचं पिल्लू. कापणाऱ्या बायकांच्या विळ्याखाली येता येता वाचलेलं. अंगावर पुरते केस, मानेवर काळसर पट्टा, आणि डोळे टक्क उघडे. मला वाटलं चांगलं महिन्याचं असेल. अब्बा म्हणाले, आज किंवा काल जन्मलेलं आहे, रानातला ससा जन्मतोच असा, कपडे घालून.

अम्मीने शेळीचं दूध कोमट केलं, त्यात कापसाची वात भिजवली आणि पिल्लाच्या तोंडाशी धरली. ते चोखायला लागलं. घरात वातीला तोटा नव्हता. मी त्याचं नाव पेळू ठेवलं. सूत कातायला कापसाची लांबट गुंडाळी करतात तिला पेळू म्हणतात, आणि तो पिंजलेल्या ढिगात कान मागे टाकून बसला की अगदी तसाच दिसायचा. त्याच्यासाठी मी अंगणात हातभर बीळ खणलं. तो एकदाही आत गेला नाही. तो उघड्यावरच बसायचा, कापसात आपल्या अंगाच्या मापाचा खळगा करून, आणि कुणी जवळ आलं तर पळायचं सोडून जास्तच गप्प व्हायचा. मला त्याचा राग यायचा. एवढे कष्ट करून घर बांधून दिलं तर हा बाहेरच. दिवसभर त्याच्या नाकाची तेवढी हालचाल, आणि वर तातेचा तो घुमारा. दुपारी शाळेतून येऊन मी त्या ढिगाशी आडवी व्हायची आणि त्याच्या डोळ्यात बघत राहायची. त्यात पडवी, अब्बा, धनुकली सगळं इवलंसं दिसायचं. माझ्या बालपणातला सगळ्यात सुखाचा काळ कुठला असं कुणी विचारलं तर मी हे तीन-चार महिने सांगेन. त्यात काहीही घडलं नाही.

फुप्पीने मात्र पहिल्याच दिवशी त्याचा पाय उलटा करून बघितला होता. तिच्या हिशेबी सशात दोन जाती. एक पंज्याचा, तो मांजराच्या कुळातला, तो खायचा नाही. दुसरा खुराचा, तो शेळीच्या कुळातला, तो चालतो. आमच्या लोकांत ही समजूत फार दूरवर आहे, पुढे मला हैदराबादपर्यंतची माणसं भेटली जी हेच सांगत. खुराचा ससा तू पाहिलास का, असं मी विचारलं, तर तिने नाही पाहिला, तिच्या आज्याने जामखेडच्या रानात पाहिला होता. त्या हिवाळ्यात मी माळावर खुराच्या सशाचे ठसे शोधत हिंडले. शेळ्यांचे सापडले, मेंढ्यांचे सापडले, एकदा हरणाचे सापडले. खुराचा ससा काही भेटला नाही. पुढे आयुष्यभर मी प्राणिशास्त्र शिकवलं, पण त्याचा पहिला तास फुप्पीने घेतला होता. जनावराचा पाय बघून त्याचं कूळ ठरवायचं, ही काही वेडगळ रीत नाही. फक्त तिने पाय बघितला आणि तोंड बघायचं राहिलं.

तोंड दाखवलं साळवे सरांनी. ते आम्हाला सातवीला विज्ञान शिकवायचे. त्यांच्या घरात शिकलेले ते पहिलेच. त्यांचे वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे, हे ते आम्हाला अभिमानाने सांगत. त्यांच्याकडे बुटाच्या खोक्यात कवट्या होत्या. माळावर सापडलेल्या, स्वतः उकळून साफ केलेल्या. त्यांनी उंदराची आणि सशाची कवटी शेजारी शेजारी ठेवली आणि पुस्तक उघडायला लावलं. पुस्तकात ओळ होती की ससा हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला असून उंदीर व खार हे त्याचे जवळचे नातलग होत. सर म्हणाले, आता बघा. उंदराला वरच्या जबड्यात पुढे दोन दात. सशालाही दोन. पण सशाच्या त्या दोन दातांच्या मागे, आडोशाला उभे राहिल्यासारखे, आणखी दोन बारके दात. म्हणून त्याचा गण वेगळा. लॅगोमॉर्फा. त्यात ससे आणि हिमालयात दगडांमध्ये राहणारा, बिनशेपटीचा, गोल कानांचा पिका नावाचा एक चिमुकला प्राणी. रानातला ससा आणि पिंजऱ्यातला पांढरा ससा हेही एक नव्हेत. पांढऱ्याची पिल्लं बिळात, उघडी आणि आंधळी जन्मतात. आपल्या रानातला ससा बीळ करतच नाही. मला माझा खड्डा आठवला आणि मी वर्गात एकटीच हसले.

"पुस्तक चुकलं तर पुस्तक दुरुस्त करायचं," सर म्हणाले. "पेन्सिली काढा आणि ती ओळ खोडा."

छापील ओळ खोडायची, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मग चाळीस पेन्सिली एकदम चालल्या. मी पट्टी लावून रेघ मारली. घरी येऊन पेळूच्या तोंडात बोट घातलं. त्याने कडकडून चावलं, पण त्याआधी मला लागले ते, मागचे दोन, तांदळाच्या कणीएवढे. मी ते कुणालाच सांगितलं नाही. एवढी मोठी गोष्ट फक्त मला, सरांना आणि पेळूला माहीत आहे, या आनंदात मी आठवडाभर तरंगत होते.

आणि मग मामू आला. अम्मीचा थोरला भाऊ, शेवगावला धान्याचं दुकान. दोन वर्षं आमच्यावर रुसून बसला होता. रुसव्याचं कारण असं की आमच्याकडच्या एका लग्नात त्याची पंगत बसली तेव्हा मटण संपलं होतं. माणसं याहून लहान गोष्टींवर आयुष्यं काढतात. तो स्वतः होऊन येतो आहे असा निरोप आला तेव्हापासून अम्मीच्या हातातून भांडी पडायला लागली. तिला एकच भाऊ. आणि त्याच पंधरवड्यात मानमोडीने आमच्या सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या, गल्लीतल्याही. बाजार दोन दिवसांवर, आणि बाजाराशिवाय खाटीक कापत नसे. त्या सकाळी अम्मी पाट्यावर मसाला वाटत होती. भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, तीळ. वरवंट्याचा तो ओला, जड आवाज आणि पडवीतली पिंजण, दोन्ही एका लयीत चालले होते. वास नाकात गेला आणि माझी नजर पेळूकडे गेली. हा मसाला कशाला, हे मी विचारलं नाही.

मामू सकाळच्या एसटीने आला. चहा झाला, हालहवाल झाली. मग त्याची नजर कापसाच्या ढिगाकडे गेली. त्याने पेळूला कानांना धरून उचललं आणि हातात झुलवत वजन केलं. चांगला भरला आहे म्हणाला. मागच्या पायांनी पेळूने हवेत दोन झटके मारले आणि नंतर तो नेहमीसारखा गप्प झाला. फुप्पी पुढे आली, पंजा दाखवला, हा आपल्यात चालत नाही म्हणाली. मामू हसला. ही सगळी जुन्या बायकांची समजूत आहे, खुराचा ससा जगात नाही, मौलवीसाहेबांना त्याने स्वतः विचारलं होतं आणि ससा सरसकट चालतो. मामू खोटं बोलत नव्हता. फुप्पी पदर सारखा करत आत गेली. पाहुण्याच्या तोंडावर तिने आयुष्यात पहिल्यांदाच वाद सोडून दिला होता. अब्बांनी मूठ खाली ठेवली, तातेचा घुमारा थांबला. अम्मी उंबऱ्यात उभी होती, मसाल्याचा हात तसाच. मामू तिला म्हणाला, सुरी आण, बिस्मिल्ला म्हणून मीच करतो, तू त्रास घेऊ नको. अम्मी हलली नाही. मला वाटलं, भावाच्या आनंदाने तिला काही सुचत नाही.

तोवर मी आत दप्तरापाशी पोहोचले होते. मामूच्या दुकानात उंदरांचा सुळसुळाट होता. रोज सकाळी पिंजऱ्यातले उंदीर पिंपात बुडवायचे आणि मगच शटर वर करायचं, हे तोच नेहमी सांगायचा, आणि सांगताना थुंकायचा. मी पुस्तक काढलं. ती ओळ काढली. तिच्यावर माझीच पेन्सिलीची रेघ, पट्टी लावून मारलेली, सरळ. खोडरबर घासला. कागद फुलला, रेघ गेली, पण तिची खाच राहिली. मी पुन्हा घासलं. आपण काय करतो आहोत हे मला पुरतं कळत होतं. मला जे जगात सगळ्यात खरं वाटत होतं तेच मी पुसत होते.

बाहेर येऊन मी ती ओळ मोठ्याने वाचली. ससा उंदराचा जवळचा नातलग. मामूने पेळूला हातभर दूर धरलं, पण सोडलं नाही. मामूला कुराण वाचता यायचं, मराठी अक्षरं येत नव्हती. त्याने पुस्तक हिसकून अब्बांपुढे धरलं.

"पोरगी कायबी वाचंल. दुल्हाभाई, तुमी वाचा."

अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. ते ओळीवर बोट ठेवून, शब्द शब्द जोडत वाचायचे. बोट चालत आलं आणि त्या फुललेल्या कागदावर थांबलं. कापसाचा तंतू चिमटीत धरून त्याची लांबी सांगणारं बोट होतं ते, त्याला खाच लागली नसेल असं होणं शक्य नव्हतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला आजही वाटतं की त्या वेळी पडवीतले सगळे तंतू हवेत जागच्या जागी थांबले होते. मग अब्बांनी खाली बघितलं आणि ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता वाचली. "उंदीर व खार हे त्याचे जवळचे नातलग होत," त्यांनी संपवलं आणि पुस्तक मिटलं.

मामूने पेळूला जमिनीवर टाकलं. साबण मागून दोनदा हात धुतले. दुपारी बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि कांदा असं जेवण झालं. मामू दीड भाकरी खाऊन उठला, तीनच्या एसटीने जातो म्हणाला. अम्मी त्याला सोडायला गल्लीच्या टोकापर्यंत गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. चुलीपुढे बसून तिने उरलेलं कालवण झाकून ठेवलं. पुढच्या उन्हाळ्यात मामू शेवगावीच वारला, अचानक. म्हणजे आमच्या घरचा त्याचा शेवटचा घास तो वांग्याचा. नंतर कित्येक वर्षं वांगं चिरताना अम्मी मधेच थांबायची, आणि मी तिथून उठून जायची.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर अब्बांनी मला पडवीत बोलावलं. रागावले नाहीत. ओळीवरची रेघ का पुसलीस, एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं. साळवे सर, कवट्या, मागचे दात. त्यांनी पेळूला मांडीवर घेतलं, हलक्या हाताने त्याचा ओठ वर केला आणि करंगळी आत घातली.

"हायेत," ते म्हणाले. "मग आता हा घरात राहायचा न्हाई. पाहुन्याला खोटं सांगून राखलेलं जनावर आपण गोंजारत बसायचं, हे बरं न्हाई दिसत. उद्या मी सुप्याकडं चाललोय. तू बी चल."

सकाळी सायकलच्या दांडीवर मी बसले, माझ्या मांडीवर कापसात पेळू, आणि वर आडवी बांधलेली पिंजण. वाऱ्याने तात आपोआप गुणगुणत होती. माळ आला. थंडीत वाळलेलं पिवळं गवत, मधेमधे बोरीची झुडपं, आणि आभाळ एवढं की खाली काही ठेवलंच नसावं. मी त्याला खाली सोडलं. तो पळाला नाही. दोन पावलं पुढे गेला, गवतात गोल फिरला, आपल्या मापाचा खळगा केला आणि कान मागे टाकून बसला. मी डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं, तर तिथे नुसती माती होती. तो गेला होता की तिथेच बसला होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. अब्बा म्हणाले चल, आणि आम्ही निघालो.

पुढचं थोडक्यात सांगते. मी नगरला शिकले, तिथेच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. दरवर्षी सशाची कवटी वर्गात फिरवायची आणि प्रत्येकाला मागच्या दातांवरून बोट फिरवायला लावायची. आता रेणूंचा अभ्यास करणारे म्हणतात की ससे आणि उंदीर यांचे गण वेगळे खरे, पण मागे जाऊन बघितलं तर दोघं एकाच थोरल्या घराण्याचे निघतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. म्हणजे माझं खोटं अगदीच खोटं नव्हतं, थोडं आधी बोलले एवढंच. पण याने मनातली बोच काही गेली नाही. खोटं मी मामूशी बोलले होते, पण ते पडलं होतं अम्मीच्या ताटात.

अम्मी शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. अब्बा, फुप्पी कधीच गेले होते. एका दुपारी ती पलंगावर बसून मेथी निवडत होती. मी कपाटातून ते पुस्तक काढलं. ते मी का जपलं, तेही सांगायला हवं. पेळूला सोडून आल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत मी ते पान उघडलं, तर त्या ओळीवर पुन्हा रेघ होती. माझी नव्हती. निळी, जाड, थोडी वाकडी. गादीच्या कापडावर मापं आखायची अब्बांची निळी पेन्सिल. काम झाल्यावर त्यांनी ती ओळ पुन्हा खोडून ठेवली होती, आणि आयुष्यात कधी त्याचा उल्लेख केला नाही.

मी अम्मीजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. दात, खोडरबर, अब्बांचं वाचणं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिचं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. तिने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

"ही त्यांची पेन्सल," ती म्हणाली. "म्हंजी ते बी हुते यात."

मी म्हटलं, अम्मी, मला माफ कर, तुझ्या भावाला मी उपाशी पाठवलं. ती मेथीची पानं खुडत राहिली. मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही.

"त्या पिल्लाला येरवाळी उठून वातीनं दूध कोन पाजायचं?" तिने विचारलं. "तू तर निजलेली असायचीस. फुप्पी म्हनली पंजा, भाऊ म्हनला मौलवी, तुझ्या बापानं पुस्तक वाचलं. मला कुनी इचारलं?"

मग मी विचारलं, पण अम्मी, तू तर सकाळपासून मसाला वाटत होतीस.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सातवीतली झाले.

"मसाला वांग्याला बी लागतो," अम्मी म्हणाली, आणि मेथीचे देठ माझ्या हातात दिले.